क्रुसाच्या वळणावरची उचकी

मित्रांनो, मी एक जुना कार्बोरेटर आहे, आणि स्वस्थ बसणे माझ्या स्वभावात नाही. आत्ता तुमच्याशी बोलतो आहे तेही घाईतच. आमची गाडी थांब्यावर रांगेत उभी आहे. पुढच्या गाड्या भरून निघाल्या, गाडी चालवणाऱ्या ओतीलियाबाईंनी किल्ली फिरवली, की माझे बोलणे जिथल्या तिथे तुटेल. तेव्हा जरा भरभर ऐका.

हल्लीच्या गाड्यांत माझ्या जातीचे कुणी नसते, म्हणून काम सांगतो. मी हवेत पेट्रोल कालवतो आणि ते मिश्रण इंजिनाला पाजतो. पिठात पाणी घालण्यासारखेच आहे ते. जास्त झाले तर चिखल, कमी झाले तर भेगा. चालवणाऱ्याच्या पायाखाली एक्सलेटर असतो, त्याची लोखंडी दोरी गाडीच्या पोटाखालून माझ्यापर्यंत येते. पाय दाबला की दोरी ताणते आणि माझा घसा उघडतो. पाय उचलला की ती सैल पडते आणि घसा मिटतो. माणसांची ओळख मला चेहऱ्यावरून होत नाही, या दोरीवरून होते.

माझा जन्म मेक्सिकोतल्याच एका कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला, थंड झाल्यावर कानाकोपऱ्यांत भोके पाडली, त्यांत पितळेचे जेट बसवले. जेट म्हणजे बारीक छिद्राचा स्क्रू. पेट्रोल किती यायचे ते तो ठरवतो. पोटात एक तरंगणारा फ्लोट ठेवला. आणि कुशीला एक छोटा पंप दिला, त्यात पातळ रबराचा पडदा. पाय एकदम दाबला की हा पडदा पेट्रोलची एक चूळ घशात सोडतो, म्हणजे इंजिन अडखळत नाही. हा पडदा लक्षात ठेवा. पुढे त्यानेच मला नामुष्की आणली.

मला एका व्होचोत बसवले. व्होचो म्हणजे आमच्याकडची ती कासवाच्या पाठीची छोटी मोटार, जिचे इंजिन मागे असते. तिचा मालक निकानोर व्हेराक्रूझ बंदरावर कोळंबी पोचवायचा. बंदरावरची हवा दाट, रस्ते सपाट, आणि निकानोर मोठा हौशी. संध्याकाळी मागचे झाकण उघडून तो शेजाऱ्यांना मला दाखवायचा आणि म्हणायचा की असा गुणी कार्बोरेटर साऱ्या बंदरात नाही. मीही फुगायचो. मित्रांनो, कौतुकाची सवय वाईट. निकानोरने नवा टेंपो घेतला आणि व्होचो मोडीत काढली. भंगारवाल्याने मला उचकटून पोत्यात टाकले.

त्यानंतरचे दिवस मी गावोगावच्या जुन्या बाजारात एका निळ्या प्लास्टिकवर काढले. एका बाजूला गंजलेली इस्त्री, दुसऱ्या बाजूला हात तुटलेली बाहुली. ऊन मरणाचे. ज्याने कधी क्षणभर उसंत घेतली नाही त्याने असे पालथे पडून राहायचे, याचा मला संताप यायचा. येणारा-जाणारा उचलून बघायचा, घसा उघडमीट करायचा आणि ठेवून द्यायचा. पेट्रोलचा शेवटचा ओलावा केव्हाच उडाला होता. कुशीतला तो रबराचा पडदा उन्हात वाळून भाकरीच्या पापुद्र्यासारखा कडक होत चालला होता. मला ते कळत होते, पण सांगणार कुणाला?

फिरत फिरत भंगारवाला डोंगरातल्या एका जुन्या खाणीच्या गावी आला. तिथे एका रविवारी ओतीलियाबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ एलिसेओ माझ्यासमोर उभे राहिले. बाई सांता रीता नावाच्या वरच्या वस्तीला व्होचोतून माणसे पोचवायच्या. नवरा गेला आणि गाडी तेवढी मागे राहिली. तिचा कार्बोरेटर आता पार झिजला होता. त्याचा घसा उघडमीट करणाऱ्या दांड्याच्या भोकातून हवा आत शिरायची आणि गाडी उभ्या उभ्या हुंदके द्यायची. एलिसेओचे चढणीच्या पायथ्याशी गॅरेज होते. नवा कार्बोरेटर निवडायला तो आला होता.

पलीकडच्या दुकानात खोक्यातला नवा कोरा कार्बोरेटर होता. बाईंचा जीव त्याच्यावर जडला. एलिसेओने त्याचा दांडा दोन बोटांत धरून हलवला, तो खुळखुळला. मग त्याने मला उचलले आणि माझा दांडा हलवून पाहिला. तो जागचा हलला नाही.

"ताई, हा घे," तो म्हणाला. "म्हातारा आहे, पण हाडाचा घट्ट आहे."

"तू नेहमी मोडकंच निवडतोस," बाई म्हणाल्या. "धर्मसुद्धा."

एलिसेओने मला कानाशी नेऊन हलवले, फ्लोटचा आवाज ऐकला आणि कागदात गुंडाळले.

त्या टोमण्याचा अर्थ मला पुढे समजला. एलिसेओ काही वर्षांपूर्वी कॅथलिक देऊळ सोडून 'बंधूं'च्या सभेत जायला लागला होता. त्या सभेत ना मूर्ती, ना मेणबत्त्या, ना छातीवर क्रुसाची खूण. फक्त ग्रंथ आणि गाणी. वस्तीतले लोक अशांना त्यांच्या गाण्यांवरून 'आलेलुया' म्हणून चिडवतात. या बहीणभावांची आई गेली तेव्हा अंत्यविधीला एलिसेओ देवळाच्या दाराबाहेर उभा राहिला, आत गेला नाही. तेव्हापासून बहीण त्याच्याशी गाडीपुरतेच बोलायची. गाडी वारंवार बिघडायची, हे त्या दोघांचे नशीबच म्हणायचे.

गॅरेजमध्ये एलिसेओने मला पेट्रोलने आंघोळ घातली, जेट फुंकून साफ केले, सगळी पॅकिंग बदलली. पंपाची दांडी दाबून पाहिली. पडद्याने कशीबशी एक बारीक धार सोडली. "चालेल," तो म्हणाला. चालणार नव्हते, मित्रांनो! मी ओरडलो असतो, पण घसा असून मला आवाज नाही.

इंजिन सुरू झाले तसा मी भकाभका काळा धूर सोडू लागलो. एलिसेओ हसला. म्हणाला, हा समुद्रकाठचा दिसतोय, भरपेट प्यायची सवय आहे याला. डोंगरावरची हवा विरळ, तिला पेट्रोलही कमी लागते. त्याने माझा मुख्य जेट काढून त्याहून बारीक छिद्राचा बसवला. धूर गेला. मग रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे माझ्या तोंडाशी धरून तो स्क्रू फिरवत बसला. आत पिळायचा, इंजिन कुरकुरले की मागे घ्यायचा, पुन्हा जरासा आत. इतक्या मायेने मला निकानोरनेही हाताळले नव्हते. शेवटी इंजिन झोपेतल्या मांजरासारखे घुरघुरू लागले. एलिसेओ एकटाच गाडीत बसला आणि मोठ्याने भजन म्हणत सांता रीताची चढण चढून आला. गाडी कुठे म्हणून अडखळली नाही.

दुसऱ्या दिवशी ओतीलियाबाईंनी माणसे भरली. मागे वस्तीतली कूका आजी अंड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. चढण निम्मी सरली. वाटेत एक अरुंद वळण आहे, तिथे कड्याला लागून दगडी क्रूस आहे, आणि चढ तिथेच सगळ्यात उभा आहे. त्या वळणावर एकाएकी दोरी सैल पडली. माझा घसा मिटला. लगेच दोरी पुन्हा ताणली, घसा उघडला, भरपूर हवा आत घुसली. या क्षणी पंपाने चूळ सोडायची असते. वाळक्या पडद्याने थेंबभर थुंकी टाकली. इंजिनाने उचकी दिली आणि गाडी बंद पडली. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजू लागले.

सपाटीवर अशी उचकी कुणाच्या ध्यानातही येत नाही. गाडी आपल्या वेगात पुढे सरकते. भरल्या गाडीने उभ्या चढावर उचकी दिली की संपलेच.

बाई तडक गॅरेजात गेल्या. एलिसेओने गाडी घेतली, एकटा वर जाऊन आला. काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी बाई चढल्या, त्याच वळणावर गाडी बंद. पुन्हा एलिसेओ, पुन्हा गाडी शहाण्यासारखी वर. त्याने शेजाऱ्यांना आत कोंबून चालवून पाहिली, तरी तेच. असे कितीदा झाले! त्याच्या पायाखाली दोरी वळणावर कधी सैल पडायचीच नाही, आणि बाईंच्या पायाखाली ती न चुकता त्याच जागी पडायची. का, ते मला कळेना. मी मागे, तोंड उताराकडे करून बसलेला. पुढे काय चालते ते मला कसे दिसणार?

एलिसेओ म्हणाला, दोष गाडीत नाही, ताईच्या पायात आहे. बाई म्हणाल्या की त्या पायाने वीस वर्षे हीच चढण चढली आहे. दोघेही खरे बोलत होते, म्हणूनच भांडण मिटेना.

वस्तीने मात्र कारण शोधून काढले. एकदा गाडी अशीच बंद पडली असता कूका आजी माझ्या अगदी पाठीशी बसून म्हणाली, "ओतीलिया, रागावू नकोस. पण आलेलुयाच्या हातचा कार्बोरेटर पवित्र क्रुसाला चालत नाही. दुसरा मेकॅनिक बघ."

"गाडी माझी, भाऊ माझा," बाई म्हणाल्या. "तू अंडी सांभाळ, आजी."

त्या असे म्हणाल्या खऱ्या, पण स्टिअरिंगवर त्यांनी हात आपटलेला मला इथवर जाणवला. भावावर त्या स्वतः वाटेल तसे तोंड टाकायच्या. दुसऱ्याने टाकलेले त्यांना खपत नसे. दुसरा मेकॅनिक गाठणे सोपे होते. पण मग सगळी वस्ती म्हणाली असती, बघा, बहिणीनेसुद्धा सोडले त्याला.

थांब्याचा मुखिया होता अबुंदिओ. माणूस वाईट नव्हता, पण त्या वळणावर एक गाडी अडली की सगळ्यांचा धंदा अडतो. तो बाईंना बाजूला घेऊन म्हणाला, "ओती, क्रुसाच्या सणाला सगळ्या गाड्या मिरवत वर जातील. तेवढी नीट चढव. त्या दिवशीही बंद पडली, तर मी तुला रांगेत उभी करू शकणार नाही. लोक माझं ऐकणार नाहीत."

रांगेतली जागा गेली तर बाईंना हॉटेलातल्या चादरी धुवायला जावे लागले असते. तरुणपणी त्यांनी ते काम केले होते. साबणाने चिरलेले ते हात त्यांना पुन्हा नको होते. आणि मी? मी पुन्हा निळ्या प्लास्टिकवर. मित्रांनो, त्या दिवसांत मी इतका बेचैन होतो की उभ्या गाडीतही माझा फ्लोट थरथरायचा. दोष माझ्या कुशीत आहे हे मला ठाऊक होते, आणि जगातला सगळ्यात चांगला कान माझ्यापासून हातभर अंतरावर असूनही त्याला ते ऐकू येत नव्हते.

मे महिन्यातला क्रुसाचा सण उजाडला. खाली गावात दारूकामाचे बाण सुटू लागले. मिरवणूक निघायला अवकाश होता, तेव्हा ओतीलियाबाई गाडी घेऊन गॅरेजच्या दारात आल्या.

"बस," त्या भावाला म्हणाल्या. "आज मी चालवणार आणि तू शेजारी बसून बघणार."

एलिसेओ गांगरला. आजच्या दिवशी वरच्या वस्तीत तो कधी जात नसे. "बंधू काय म्हणतील, ताई?"

"बंधूंना सांग, कार्बोरेटर बघायला गेलो होतो."

तो बसला. खरे सांगायचे तर इतक्या दिवसांत तो एकदाही बाईंच्या शेजारी बसला नव्हता. गाडी तपासायची तर आपल्याच पायाने, हा त्याचा हेका. आणि आपल्या गाडीत भजने नकोत, हा बाईंचा.

वळणावर बायका क्रुसाला पांढरे वस्त्र नेसवत होत्या, कागदी फुलांच्या माळा चढवत होत्या. आम्ही तिथे पोचलो. दोरी सैल पडली, ताणली, मी उचकी दिली आणि गाडी बंद पडली. पण या वेळी बाईंनी शिवी घातली नाही आणि एलिसेओने टोमणा मारला नाही.

"ताई," तो म्हणाला, "तू पाय उचललास."

"कुठे?"

"इथे. क्रुसाची खूण करायला हात वर नेलास, तेव्हा पायही उचललास."

बाईंना आधी ते पटेना. मग त्यांनी बसल्या जागी पुन्हा खूण करून पाहिली, कपाळ, छाती, खांदे, आणि खाली बघितले. पाय आपोआप वर आला होता. सांता रीतात सगळेच असे करतात. क्रुसासमोरून रेस देत जाऊ नये, तिथे क्षणभर पाय उचलायचा, ही इथली पिढीजात रीत. अबुंदिओ करतो, सगळे ड्रायव्हर करतात. त्यांचे पंप धड आहेत, म्हणून त्यांच्या गाड्या उचकी देत नाहीत. रोजची पापणी लवावी तशी ती गोष्ट, कुणाच्या लक्षात येणार? लक्षात आली ती ज्याने सोडली होती त्याच्या.

"मीही उचलायचो," एलिसेओ हळू म्हणाला. "विसरूनच गेलो होतो."

मग तो म्हणाला की उपाय सोपा आहे. खूण कर, पण पाय दाबून ठेव. एवढे एक वळण.

बाई उसळून म्हणाल्या, "आई डोक्यावर भांडं घेऊन ही चढण चढायची. इथं आली की थांबायची. मी गाडीत बसले म्हणून ती थांबायची तिथून पाय दाबून पळू? तुला जमलं असेल, मला नाही जमणार."

हे वाक्य इतकी वर्षे गाडीच्या दुरुस्तीखाली दबून राहिले होते. एलिसेओला ते लागले. मला वाटले, आता उतरून चालू लागेल. तो उतरला खरा, पण मागे आला आणि झाकण उघडून माझ्याकडे बघत उभा राहिला. डोळे ओले होते. माझ्यावर वाकलेला असा रडवेला चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

"पाय नाही बदलायचा," तो म्हणाला. "पंप बदलू. गाडी खाली सोड, ताई."

इंजिन न लावता आम्ही गडगडत गॅरेजवर आलो. त्याने माझी कूस उघडली आणि वाळका पडदा बाहेर काढला. वाकवताच त्याला चीर गेली. एलिसेओने स्वतःच्या कपाळावर हात मारला. सणाचा दिवस, दुकाने बंद. पण फळीखाली पेट्रोलच्या डब्यात बाईंचा जुना कार्बोरेटर भिजत पडला होता, तोच, ज्याच्या जागी मी आलो होतो. त्याला मी आजवर मनातून हिणवत आलो होतो. झिजलेला म्हातारा म्हणायचो. त्याचा दांडा गेला होता, पण पेट्रोलात भिजलेला त्याचा पडदा लोण्यासारखा मऊ होता. एलिसेओने तो काढून माझ्या कुशीत बसवला, पंपाची दांडी जराशी पुढे घेतली, आणि पाय उचलल्यावर इंजिन फार खाली जाऊ नये म्हणून स्लोचा स्क्रूही किंचित आवळला. दांडी दाबताच घशात भरदार चूळ पडली. मित्रांनो, मला रडू आले असते, पण तेवढ्यात मिरवणूक निघाल्याचे बाण सुटले.

"जा," एलिसेओ म्हणाला. "चालेल."

"मागच्या वेळीही तू हेच म्हणालास," बाई म्हणाल्या. "बस गाडीत."

गाड्यांना कागदी फुले बांधली होती, सगळ्यांत पुढे अबुंदिओ. आमची गाडी शेवटची ठेवली होती, बंद पडली तर कुणाला अडायला नको म्हणून. मागच्या सीटवर कूका आजी चढली. पुढे एलिसेओला बघून तिची वाचा बसली, आणि हे तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच घडले असावे.

चढण सुरू झाली. मी फक्त दोरीकडे लक्ष दिले. वळण आले. दोरी सैल पडली. माझा घसा मिटला, आणि तेवढ्या वेळात मला त्या वळणावरची सारी गर्दी श्वास रोखून उभी असल्यासारखे वाटले. मग दोरी ताणली. पडद्याने पेट्रोलची चूळ घशात सोडली, इंजिनाने ती घेतली आणि गाडी वळण चढून गेली.

वर पोचल्यावर अबुंदिओने काही भाषण केले नाही. गाड्या लावायच्या जागेत आपल्या गाडीशेजारी हात दाखवला आणि म्हणाला, "ओती, इथं लाव." एवढेच. बाईंना त्यातले सगळे कळले. कूका आजी उतरता उतरता सगळ्यांना सांगत सुटली की वळणावर एलिसेओने खूण केली नाही, पण टोपी काढून मांडीवर ठेवली होती, तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. परत उतरताना एलिसेओने भजन धरले आणि बाई त्याला म्हणाल्या की देव कुठलाही असो, सूर तरी धड लाव.

मित्रांनो, माझे सांगणे दोनच गोष्टींचे आहे. जुन्या वस्तूला कामाविना उन्हात टाकू नका. आमचे रबर आणि आमचे मन वाळून जाते. आणि ज्याचे काही दुरुस्त करायचे आहे, त्याच्या शेजारी आधी एकदा बसून बघा. दूर राहून, आपल्याच पायाने तपासून, दुसऱ्याचे दुखणे सापडत नाही.

आता पुढची गाडी निघाली. बाईंनी किल्ली हातात घेतलेली आहे, म्हणून शेवटचे तेवढे सांगून टाकतो. परवा एलिसेओ एकटाच गाडी घेऊन वर गेला. कार्बोरेटर तपासायचा आहे म्हणाला. माझ्यात तपासण्यासारखे काही नव्हते. तो नेहमीप्रमाणे भजन म्हणत होता. क्रुसाच्या वळणावर भजन थांबले, आणि दोरी सैल पडली.